पहिल्या पट्टीचा पांढरा

६ जानेवारी

तीर्थरूप मामास,
साष्टांग नमस्कार.

डब्यात प्लॅस्टरचा साचा आहे, कापसात गुंडाळलाय, उघडताना आपटू नकोस. वरचा पुढचा डावा दात, एकच कॅप. रंग जुळवायच्या शेडच्या सोळा पट्ट्यांपैकी पहिली, सगळ्यांत पांढरी. हो, पहिलीच! डोळे वटारू नकोस, मी नीट बघून लिहिलंय.

कारण आमच्याकडे दिवा आलाय! मोठ्या डॉक्टरांनी घेऊ-घेऊ करत शेवटी घेतला. उंच स्टँड, वाकडी मान, टोकाला निळा प्रकाश. पेशंटचे ओठ प्लॅस्टिकच्या चौकटीने ताणून धरायचे, हिरड्यांवर पेस्टचा थर देऊन तो कडक करायचा, दातांवर औषधाचं जेल आणि वर दिवा. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार फेऱ्या. मधेच दातांत झटके बसतात, तेव्हा बिचारे डोळ्यांनीच ‘आई गं’ म्हणतात, कारण तोंड मिटता येत नाही. पण शेवटी हातात आरसा दिला की खुर्चीतून उठायलाच तयार नाहीत. आणि मी तासभर केशरी चष्मा लावून त्यांच्याभोवती घिरट्या घालते. एका जागी उभंच राहवत नाही.

ही बाई फोटो स्टुडिओ चालवते. दिवसभर लोकांना ‘हनुवटी खाली, जरा हसा’ म्हणते आणि स्वतः बोलताना तोंडावर हात. लहानपणी पडली होती, तो दात काळा पडत गेला. मी आधी बाकीचे दात दिव्याखाली पांढरे केले, मग हा दात घासून कॅपसाठी तयार केला, माप घेतलं, शेड घेतली. सगळं एका बैठकीत. आहे की नाही तुझी भाची?

आता मुद्द्याचं. एप्रिलअखेर कॅपचं सगळं काम मशीनवाल्या मोठ्या लॅबला द्यायचं डॉक्टरांच्या मनात आहे. संगणकावरून माप पाठवलं की तीन दिवसांत कॅप हजर म्हणे. मी भांडले. म्हटलं, या दवाखान्याच्या दारावर पाटी लागायच्या आधीपासून माझा मामा तुमच्या कॅप बनवतोय. ते म्हणाले, “दिव्यानंतरच्या पांढऱ्या शेड त्यांना जमतात का बघू. या बाईंची कॅप नीट बसली तर काम त्यांच्याकडेच.” म्हणजे तुझं काम राहणार की जाणार, ते या एका दातावर आलंय. दुसऱ्या दवाखान्यांचं काम तुझ्याकडे आता जवळजवळ येतच नाही, हे मामीने मला सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस.

फोन केला असता, पण तुझा नियम माहितेय, कामाचं ते कागदावर आणि कागद डब्यात. शुक्रवारपर्यंत पाठव ना!

तुझी,
भुंगा


१० जानेवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर बघितलं की तू डॉक्टर झालीस याची खात्री पटते. दोनदा वाचून घेतलं, तिसऱ्यांदा मामीकडून.

लहानपणी माझ्या टेबलाशी बसून मेणाचे दात करायचीस. दोन मिनिटं बूड टेकत नव्हतं म्हणून भुंगा नाव ठेवलं. वाटलं होतं मोठी झाल्यावर गुणगुण थांबेल. कसली थांबतेय!

कॅप पाठवतोय. पहिली पट्टी, सांगितलीस तशी. पण मला पहिली पट्टी मुळीच आवडत नाही. तो माणसाच्या दाताचा रंग नव्हे, वॉश बेसिनचा आहे. गेल्या दीडेक वर्षात ज्याला त्याला तोच पाहिजे. पूर्वी पाचवी, सहावी, आठवी यायची. त्यात जान असायची, मुळाशी जरा ऊब, टोकाला जरा काच. आता नुसता चुना.

मशीनवाल्यांना मी घाबरत नाही. मामी मागून म्हणतेय घाबरतो. तिला या पत्रात जागा नाही.

तुझा,
मामा


२१ जानेवारी

ती. मामास,

मामा, घोळ झालाय.

काल स्टुडिओवाल्या बाई आल्या. कॅप बसवून बघितली. बसते अशी की कडेला सुईचं टोक अडकत नाही. पण पांढरी! शेजारच्या दातांपेक्षा इतकी पांढरी, की भिंतीत एकच फरशी नवी बसवावी तशी दिसते. शेजारच्या दातांशी पट्ट्या धरून बघितल्या तर ते आता तिसरीवर आहेत. सहा तारखेला मी माझ्या डोळ्यांनी पहिली बघितली होती रे!

बाईंनी आरसा परत दिला आणि हात आपला तोंडावर गेला. डॉक्टर दारातच उभे होते. मी टेम्पररी कॅप परत लावून दिली.

काय चुकलं? दात उतरले की तुझी कॅप चढली? कालपासून मी नुसत्या येरझाऱ्या घालतेय. कंपाउंडरबाई म्हणाल्या, तुम्ही बसलात तर आम्हालाही जरा बरं वाटेल. तुझ्या हातचं काम जाईल, आणि तेही माझ्यामुळे. लवकर लिही.

भुंगा


२४ जानेवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

उभी असशील तर बस, आणि बसून वाच.

दिवा चालू असताना तासभर तू केशरी चष्म्यातून बघत होतीस. तो काढलास आणि लगेच शेडची पट्टी दाताशी धरलीस. होय ना? त्या घडीला तुझ्या डोळ्यांना सगळंच निळसर, पांढरं दिसत होतं. गाजर धरलं असतंस तरी पांढरं म्हणाली असतीस.

शिवाय त्या बाईचं तोंड तासभर उघडं. लाळ नाही, वर दिव्याची ऊब. दात सुकतो. सुकलेला दात खडूसारखा दिसतो, आणि माणूस घरी जाऊन पाणी प्यायला, जेवला-खाल्ला की काही दिवसांत मूळपदावर येतो. औषधाने दात उजळतो, ते मी कुठे नाकारतोय? पण औषधाने किती उजळला आणि नुसता सुकून किती उजळ दिसला, हे त्याच खुर्चीत, त्याच तासाला सांगता येत नाही. म्हणून दोन आठवडे थांबायचं आणि मग शेड घ्यायची. एवढी साधी गोष्ट, आणि माझी भाची हुरळून जाऊन विसरते.

चूक तुझी आहे. डॉक्टरांना तसं सांग. माझी कॅप तू लिहिलेल्या पट्टीबरहुकूम होती.

पुन्हा शेड घेशील तेव्हा दिवसा, खिडकीशी, चष्म्याबिष्म्याशिवाय घे. रागावलो नाही. थोडा रागावलो आहे.

मामा


१२ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

सांगितलं डॉक्टरांना. “चूक माझी, मामाची नाही,” असं सरळ म्हटलं, रिसेप्शनवाली ऐकत असताना. कान लाल झाले माझे. ते म्हणाले, “ठीक आहे, त्यांना आणखी एक संधी.” एकच, मामा. दुसरी कॅप चुकली तर तिसरी ते तुझ्याकडे पाठवणार नाहीत.

दोन आठवडे तर कधीच झाले होते, तरी आणखी तीन थांबले. काल सकाळी अकराला बाईंना खिडकीशी बसवलं. मी, कंपाउंडरबाई आणि त्या स्वतः, तिघींनी वेगवेगळं बघितलं. तिघींचं एकमत, तिसरी पट्टी. बाईंची नजर भारी तयार आहे हं. छताकडे बघून म्हणाल्या, “डॉक्टर, तुमच्या या ट्यूबखाली कुणाचाच रंग खरा नाही. मी एकालाही इथे फोटोला बसवणार नाही.” मी हसले, त्या हसल्या, आणि हात वर आला.

साचा तोच आहे तुझ्याकडे. तिसरी पट्टी. खाली दोन रेघा मारते बघ.

भुंगा


१९ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

कॅप पाठवली. तिसरी. मामीने टेबलावरचा बल्ब बदललाय, तो धड नाही, म्हणून दोन दिवस जास्त लागले. पेन नवीन आहे, त्यामुळे अक्षर मोठं आलंय.

मामा


२३ फेब्रुवारी

ती. मामास,

ही कॅपसुद्धा पांढरी आहे.

बाईंना मी दाखवलीच नाही. कॅप चिकटवायचं सिमेंट संपलंय म्हणून सांगितलं, पुढच्या महिन्यात या म्हटलं. डॉक्टरांनाही तेच. मी खोटं बोलले मामा, दोघांशीही, आणि तेव्हापासून दाराची बेल वाजली की दचकते.

मग सगळे जेवायला गेल्यावर खिडकीशी पांढरा रुमाल अंथरला. त्यावर तुझ्या दोन्ही कॅप आणि शेजारी पट्ट्या मांडल्या. नवी कॅप तिसरी नाही, पहिली आणि दुसरीच्या मधे कुठेतरी आहे. जुनी पहिल्या पट्टीशी धरली. मामा, तीही जुळत नाही. ती पहिलीपेक्षाही पांढरी आहे. म्हणजे जानेवारीतली चूक माझी होतीच, पण एकट्या माझी नव्हती.

तू जुनी चिठ्ठी समोर ठेवून काम केलंस का? रंगाच्या पावडरच्या बाटल्यांची अदलाबदल झाली का? काय ते सांग, मला काहीही चालेल. आणि पेन नवीन असलं म्हणून ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली जात नाहीत. तुझं अक्षर कसं होतं, मी ओळखते.

भुंगा


२६ फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाईंस,

बाटल्यांची अदलाबदल! एकतीस वर्षं झाली मला या धंद्यात. तू दुधाचे दात पाडत होतीस तेव्हा मी अख्ख्या कवळ्या बनवून लोकांना चणे खायला लावत होतो. तुझ्या डॉक्टरांनी स्वतःच्या आईची कॅप माझ्याकडून करून घेतली आहे, विचार त्यांना.

तुझ्या त्या दिव्याने सगळ्यांची डोकी फिरवली आहेत. दात रोज रंग बदलणार आणि दोष माझ्या हाताला! फोटोवालीची नजर तयार, कंपाउंडरची नजर तयार, मामा तेवढा आंधळा. छान.

नको असेल माझं काम तर तसं लिहा. अक्षराच्या चौकशा नकोत.


२ मार्च

ती. मामास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग परत वाचलं. आंधळा हा शब्द तू लिहिलास. मी नव्हता लिहिला.

डब्यात पाच पट्ट्या आहेत, पहिल्या पाच. आकड्यांवर मी चिकटपट्टी लावलीय आणि पट्ट्या मिसळून टाकल्यात. सगळ्यांत पांढरीपासून सुरू करून क्रमाने एका दोऱ्यात ओवून पाठव. दिवसा, खिडकीत बसून. चिकटपट्टी काढू नकोस.

तुला परीक्षेला बसवतेय असं वाटेल. वाटू दे. पण मामा, कॅप चुकली तर ती कुणाच्यातरी तोंडात जाऊन बसते. तूच मला शिकवलंस की आपण केलेला दात घेऊन दुसरा माणूस हसतो, म्हणून तो नीट करायचा. तू काहीही पाठवलंस तरी मी तुझी भाचीच आहे. पण पाठव. मला इथे चैन नाही.

भुंगा


१५ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पट्ट्या ओवून पाठवल्यात. क्रम बरोबर आहे. मामीने लावला, अर्ध्या मिनिटात, एकीकडे भाजी निवडता निवडता.

मी चार वेळा लावला. चार वेळा वेगळा. मला त्या पाचही सारख्याच दिसतात पोरी. सगळ्याच जराशा पिवळट, जराशा धुरकट. कुठली आधी आणि कुठली नंतर, देवाशपथ सांगता येत नाही.

आता खरं लिहितो, कारण मामी समोर बसली आहे आणि मी लिहितोय की नाही बघतेय. दीड वर्ष झालं. सहावी, आठवी अजून ओळखू येते, ती ठळक असते. पण हल्ली लोक एकदम वरच्या पट्ट्यांवर आले, आणि तिथेच माझी नजर थकली. मला सगळं पिवळं दिसायचं म्हणून मी भीतीने पांढरं वाढवत जायचो. वाटायचं, पांढरं जास्त झालं तर कोण तक्रार करतंय? मागतात तर पांढरंच. दिव्याला शिव्या घालायचो, कारण त्याने मला उघडं पाडलं. त्याआधी मलाही कळलं नव्हतं.

जानेवारीत तुझी चूक होतीच, ती मी एका दमात ओळखली. आणि ओळखून किती बरं वाटलं म्हणून सांगू! सगळं तिच्यावर ढकलता आलं. तू डॉक्टरांसमोर माझ्यासाठी कान लाल करून घेतलेस, आणि मला माझ्या कॅपची खात्री नव्हती. याची मला लाज वाटते.

परवा मामी ओढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त. त्यांना म्हणे आश्चर्य वाटलं की मी अजून काम करतोय. तुझा केशरी चष्मा तुला काढून ठेवता येतो. माझा आत बसलाय.

ऑपरेशनची भीती वाटते. तिथून उठल्यावर हात चालला पण डोळा चालला नाही तर मी दिवसभर करायचं काय? मला दुसरं काही येत नाही.

मामा


१७ मार्च

मामा,

ऑपरेशन कर. आजच्या आज तारीख घे. डॉक्टरांना मी मामा आजारी आहे एवढंच सांगितलंय. बाईंनी टेम्पररी कॅपवर आणखी महिना काढायचं कबूल केलंय. माझा राग गेला. सगळा नाही गेला, पण ऑपरेशनला पुरेल इतका गेला.

मामीला म्हणावं, मी तिच्या पाया पडते.

भुंगा


२० एप्रिल

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी कॅप. तिसरी पट्टी. या वेळी स्वतः ओळखली, मामीला जवळ येऊ दिलं नाही. तुझ्या पाच पट्ट्या तिने पुन्हा मिसळून समोर ठेवल्या होत्या, पाचही बरोबर लागल्या. दोनदा.

डावा डोळा झाला. उजवा जूनमध्ये. डोळ्यावरची पट्टी सुटली त्या दिवशी मी वेड्यासारखा घरभर फिरलो. आपली स्वयंपाकघराची भिंत पांढरी आहे! गेल्या वर्षी रंगाऱ्याशी भांडलो होतो की पांढरा सांगितला आणि पिवळा दिलास म्हणून. मामीचा करडा स्वेटर करडा नाहीच, जांभळा आहे. ती म्हणाली, तुम्हीच घेऊन दिलात. आता मी एक डोळा मिटतो, मग दुसरा मिटतो, पुन्हा पहिला. मामी म्हणते, माणूस आहात की सिग्नल?

टेबलाशी बसलो. आधी अर्धा तास नुसत्या पावडरी बघत होतो. मग कॅप केली. मुळाशी जरा ऊब दिली आहे. फोटोवालीला विचार तिला दिसते का.

मामा


२४ एप्रिल

मामाऽ!

बसली! जुळली! खिडकीशी, ट्यूबखाली, बाहेर रस्त्यावर उन्हात, सगळीकडे नेऊन बघितलं बाईंना. मी धरून नेलं अक्षरशः. कुठेही वेगळी दिसत नाही. पक्की करून टाकली. बाईंनी आरसा घेतला आणि बराच वेळ दिलाच नाही. मग म्हणाल्या, “मुळाशी थोडा उबदार रंग दिलाय का? असं माणूसच करतो.” आणि हसल्या. हात खालीच होता मामा. त्यांच्याही लक्षात आलं, मग हाताचं काय करावं त्यांना सुचेना, तो त्यांनी पर्समध्ये घातला.

डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं. म्हणाले, “मशीनवाल्यांना नाही कळवतो. काम तुमच्या मामांकडेच राहू दे.” मामा, काम राहिलं! मी कपडे धुवायच्या खोलीत जाऊन उड्या मारल्या. आता तरी मला शांतपणे बसून चहा पिता येईल.

तुझीच भुंगा


२६ एप्रिल

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचाच आवाज फुटला.

पण मला चैन नाही. ऑपरेशनपासून नाही.

सोबत एक यादी आहे. तुमच्या दवाखान्याच्या सगळ्या चिठ्ठ्या मी जपून ठेवतो, तुला माहीत आहे. गेल्या दीड वर्षात पुढच्या दातांच्या, पहिल्या तीन पट्ट्यांतल्या कॅप मी केल्या त्या अकरा, तुझ्या फोटोवालीला सोडून. अकरा माणसं. त्यांच्यातल्या किती चुकल्या मला माहीत नाही, पण तेव्हा मला पट्ट्या दिसत नव्हत्या हे माहीत आहे. त्यांना बोलावून खिडकीशी बसवा आणि बघा. ज्या चुकल्या असतील त्या मी नव्याने करून देईन, माझ्या पदरचं.

यादी डॉक्टरांना दाखव. माझ्या डोळ्यांचंही सांग. काय होईल ते मला कळतं, मी काही कुक्कुलं बाळ नाही. पण तू माझ्यासाठी त्यांच्याशी आणखी एक शब्दही खोटा बोलायचा नाहीस. सिमेंट संपलं म्हणे!

मामा


२ मे

ती. मामास,
साष्टांग नमस्कार.

तुझी यादी तीन दिवस माझ्या एप्रनच्या खिशात होती. आधी ठरवलं, फाडून टाकायची. मग ठरवलं, डॉक्टरांना न सांगता एकेकाला मीच बोलवायचं. तीस तारखेला सकाळी ते मशीनवाल्यांना नकाराचं पत्र लिहायला बसले, तेव्हा मी आत गेले आणि यादी टेबलावर ठेवली.

सगळं सांगितलं. सिमेंटचंही.

त्यांनी यादी उभ्यानेच वाचली. मधे एका नावापाशी थांबले. म्हणाले, “हे आले होते माझ्याकडे. कॅप फार पांढरी वाटते म्हणाले होते. मी सांगितलं, सवय होईल.” मग खुर्चीत बसले. यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. शेवटी म्हणाले, “मामांनी हे लिहून दिलं, मी त्यांचा मान ठेवतो. पण दुसरा डोळा व्हायचाय, आणि एवढं झाल्यावर नवीन काम मी त्यांच्याकडे देऊ शकत नाही. हे अकरा मात्र त्यांनीच करावेत.” मला भांडायचं होतं. पण भांडले नाही, कारण मामा, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. मशीनवाल्यांचं काम कालपासून सुरू झालं.

आणि आता जे लिहितेय ते तुला कळवू नये असं फार वाटतंय. यादीतलं तेच नाव, ज्यांना डॉक्टर सवय होईल म्हणाले ते. निवृत्त टायपिस्ट आहेत, काका म्हणते मी त्यांना. काल बोलावलं होतं. फेब्रुवारीत ते दोनदा दिव्याखाली बसले होते, दोन्ही वेळेला दिवा मीच लावला. झटके इतके बसायचे की खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवायचे. मी विचारलं होतं, काका, या वयात एवढी हौस? तर नुसतेच हसले होते.

काल मी त्यांना कॅपचं सांगितलं. ते म्हणाले, “अस्सं! मला वाटलं, कॅप बरोबर आहे आणि माझेच दात घाण झालेत. म्हणून दात पांढरे करून त्या कॅपला गाठायला बघत होतो.”

मी त्यांचा हात धरून बसले.

भुंगा


४ मे

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

कामाचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटलंय, ते माझं मी बघतो.

टायपिस्ट काकांचं मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या चुकीला गाठायला तो माणूस दोनदा त्या दिव्याखाली बसला.

त्यांचा साचा पाठवू नकोस. एकतीस वर्षं मी लोकांची तोंडं प्लॅस्टरचीच बघितली. चिठ्ठीवर आकडा यायचा, मी आकडा करायचो. एकही माणूस मी बघितला नाही. गुरुवारी पहिल्या बसने मीच येतोय, पट्ट्या घेऊन. मामी बरोबर आहे, रस्ता ओलांडायला.

काकांना अकरा वाजता खिडकीशी बसव आणि सांग की ज्याने तुमचा दात केला तो माणूस आलाय, त्याला तुमची माफी मागायची आहे आणि तुमचे सगळे दात बघायचे आहेत. हसावं लागेल म्हणावं.

तुझा,
मामा